वीसची काडी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

ही डायरी २०२१ ची आहे. छापलेल्या वारावर काट मारून मी वर खरा वार लिहिते. माझे मालक रामहरी कारखान्यात वजनकाट्यावर होते. तिकडून त्यांना दर वर्षी एक डायरी मिळायची. ही मिळाली आणि त्याच फेब्रुवारीत ते गेले. पहिल्या काही पानांवर त्यांचं अक्षर आहे, बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरचे नंबर आणि टनांचे आकडे. दोन तारखेला एवढंच लिहिलं आहे: ‘बूट घट्ट होतात. आठ नंबर आणणे.’ त्याच्या खाली बरीच जागा रिकामी होती. तिथून मी सुरुवात करते आहे.

गेल्या जूनपासून बारामतीच्या एका संस्थेसाठी मी गावात घरोघर जाते. कन्हेरीत ज्या म्हाताऱ्या माणसांना साखर आहे किंवा रक्तदाब आहे, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं. मशीनवर आकडा बघायचा, औषध वेळेवर घेतलं का विचारायचं, पाय तपासायचे, सगळं वहीत लिहायचं. काही वेगळं दिसलं तर योगिनी सिस्टरना फोन करायचा. औषधाचं प्रमाण बदलण्याचा अधिकार मला नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्याकडे चौदा घरं आहेत. चालणं बरंच होतं, संध्याकाळी गुडघा बोलतो.

शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचून वाचून शिकले. आधी पुड्यांचे कागद, मग यांचा पेपर, मग वाचनालयातलं कपाट. औषधाच्या खोक्यातला घडी केलेला कागदसुद्धा मी वाचते, मुंगीएवढी अक्षरं असतात. सिस्टर म्हणाल्या, सगळ्याजणींत तो कागद वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच. ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

३ जानेवारी, शुक्रवार

चौदा घरांत मला सगळ्यात आवडतं ते माळाच्या कडेचं घर. आबाजी आणि धोंडामावशी दोघंच राहतात. पूर्वी त्यांची दोनशे मेंढरं होती, पावसाळा सोडला तर वर्षभर वाटेवर असायचे. आता दारात चार शेळ्या आणि मागे थोडं शेत. मावशीला पंधरा वर्षांपासून साखर आहे आणि तीन वर्षांपासून सकाळचं इन्सुलिन, वीस युनिट. ते आबाजी टोचतात. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

मी अंगणात पाय टाकायच्या आत मावशी सुरू करते.

“आली बघा मास्तरीण. हिरवी साडी, काखंत पिशवी. आज क्येस धुतलेलं दिसत्यात.”

कुणीही आलं की ती असं सगळं बोलून दाखवते. शेळी उठली तरी सांगते, कुठली शेळी आणि कुठं निघाली. दिवसभर घरात बसून बोलायला दुसरं माणूस नाही, त्यामुळे जे दिसेल ते बोलत असावी. मला त्याची मौज वाटते.

आबाजींची पद्धत बघण्यासारखी आहे. ओल्या वाळूच्या मडक्यातून औषधाची बाटली काढतात, दोन तळव्यांत हळू फिरवतात. मग फेट्याच्या घडीतून बांबूच्या चोयीची एक काडी काढतात. सिरिंजमध्ये औषध ओढताना दट्ट्या मागे येतो ना, तर नळीची कड आणि दट्ट्याचं टोक यांच्यामध्ये ती काडी बरोबर बसली की थांबायचं. वीस युनिट. मी रेघ बघितली, केसाचाही फरक नव्हता.

“कुणी शिकवलं हे?”

“शिकवायचं काय त्यात? सिस्टरनं पयल्या दिशी भरून दावली. दट्ट्या किती भायेर आला तेवढी चोय कापली. तीन वर्सं तीच हाय.”

“नळीवर रेघा असतात की, आबाजी.”

“रेघा तुमच्यासाठी. मी कंच्या शाळंत गेलो?”

मावशी हसली. “शाळंत गेलं आसतं तर मास्तरला मेंढरांच्या वाड्यात कोंडून आलं आसतं.”

मशीनवर एकशे अठ्ठावीस आलं. आबाजी म्हणाले, मोठ्यानं वाच, तुझा आवाज चांगला हाय. मग पेपरही वाचायला लावला, पहिल्या पानापासून हवामानापर्यंत. माझं वाचन इतकं मन लावून दुसरं कुणी ऐकत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी दुधाच्या डेअरीजवळ आबाजी समोरून आले. मी थांबले, ते सरळ निघून गेले. “आबाजी,” म्हटलं तेव्हा वळले आणि लगेच म्हणाले, “विजयमाला व्हय, कुठं निघालीस?” जुन्या माणसांची रीत, रस्त्यावर बाईमाणसाकडे बघायचं नाही. आता अशी माणसं राहिली नाहीत.

संध्याकाळी मावशीचे पाय तपासायला गेले तर आबाजी आधीच बसले होते. रोज दिवे लागायच्या वेळी ते तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतात आणि तळव्यावरून, बोटांच्या बेचक्यातून अंगठा फिरवतात. मेंढराचे खूर असेच बघायचे म्हणे. साखर असलेल्या माणसाला पायाचं दुखणं कळत नाही, त्यामुळे हे फार मोलाचं आहे. आज टाचेशी थांबले.

“हितं काय हाय बघ.”

मी चष्मा पुसून बघितलं, काही दिसेना. बॅटरी लावली तेव्हा बाभळीच्या काट्याचं टोक दिसलं, जिऱ्याच्या निम्मं. मावशीला पत्ताही नव्हता. मी काढलं, औषध लावलं. आम्हाला प्रशिक्षणात पायाला आरसा लावायला शिकवलं होतं. या माणसाच्या अंगठ्यापुढे आरसा काय करणार.

१० जानेवारी, शुक्रवार

आज त्यांचा थोरला, दीपक, आला होता. एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहे, बारामतीतच राहतो. धाकटा राम इंदापूरला, हायवेवर टायरचं दुकान. दोघंही चांगले आहेत, फोन रोज करतात. पण दोघांनी मिळून ठरवलं आहे की म्हाताऱ्यांना आता एकटं ठेवायचं नाही. दोघांच्याही घरी दोनच खोल्या. तेव्हा आईला राम नेणार, आबाजींना दीपक.

“पन्नास-साठ किलोमीटर तर हाय,” दीपक म्हणाला. “हप्त्याला भेटवू की.”

आबाजी उठून शेळ्यांकडे गेले. मावशीच म्हणाली, “कळप फोडायचा आसंल तर आदी वाघ्या कुत्र्याला इचारा.”

“आई, थट्टा नको. उद्या सकाळी उठून तुला चक्कर आली तर आबा काय करणार?”

मी मध्ये बोलले. बोलायला नको होतं कदाचित. म्हटलं, दीपक, सहा महिन्यांची वही माझ्याकडे आहे, साखर एकदाही दीडशेच्या वर गेलेली नाही. गावात इतकी नीट औषधं घेणारं दुसरं घर नाही. त्यानं वही चाळली. तो मलाही मावशीच म्हणतो.

“ठीक हाय मावशी. आकडा असाच ऱ्हायला तर आमचं काय म्हननं न्हाय. पन वर गेला तर मग मी कुनाचं ऐकनार न्हाय. तुमचं बी न्हाय.”

जाताना त्यानं आईसाठी आणलेलं सिरिंजचं नवं पाकीट दिलं. बारीक सुईच्या आहेत, कमी दुखतील, म्हणाला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आज मी एक अनर्थ टाळला.

सकाळी गेले तर आबाजींनी दीपकनं आणलेलं पाकीट फोडलं होतं. कंपनी तीच, टोपण मात्र लालऐवजी नारंगी. त्यांनी नेहमीसारखी काडी लावून औषध ओढलं. मी सहज रेघ बघितली. दट्ट्या पन्नासवर होता. वीसच्या जागी पन्नास. मावशीला टोचलं असतं तर साखर इतकी उतरली असती की ती शुद्धीवर आली नसती.

मी सिरिंज हातातून काढूनच घेतली. आबाजी दचकले.

“काय झालं?”

“पन्नास भरलंय तुम्ही.”

“न्हाय. काडीएवढंच हाय.”

“काडी चुकते आहे. या सिरिंज वेगळ्या आहेत. नळीवर स्पष्ट लिहिलंय, आबाजी. पन्नास.”

त्यांनी सिरिंज परत मागून घेतली, नळीवरून बोट फिरवलं, दट्ट्या दोनदा मागं-पुढं केला.

“नळी तेवढीच हाय की गं. औशिद तेच. मग कमी कसं लागंल?”

“मी वाचलंय,” मी म्हणाले.

त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “तू वाचलंस म्हंजी आसंल.”

वीसच्या रेघेवर दट्ट्या धरून मी त्यांच्याकडून नवी काडी कापून घेतली. जुनीच्या निम्म्याहूनही आखूड. जुनी टाकून द्या म्हटलं, चुकून हातात यायला नको. सिस्टरना फोन लावला होता पण लागला नाही. संक्रांतीची सुट्टी. शिवाय आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

निघताना मावशीनं हातावर तिळगूळ ठेवला आणि बरोबर एक लाल कंगवा. वाण. मी मागे सरले. हे गेल्यापासून संक्रांतीला मला कुणी बोलावत नाही, आणि मीही कुणाच्या दारासमोरून त्या दिवशी जात नाही. मावशी म्हणाली, “क्येस हायेत न्हवं डोस्क्यावर? मग घे.”

१७ जानेवारी, शुक्रवार

दोनशे बारा.

पट्टी बदलून पुन्हा बघितलं. दोनशे आठ. मी मावशीला स्पष्ट विचारलं, किती लाडू खाल्लेस?

“येक. त्यो बी आर्धा शेळीनं वढला.”

“मावशी, माझ्यापुढं लपवू नको.”

“तुज्यापुढं काय लपतंय बाई. तू तर वाचतीस.”

आबाजी म्हणाले, तिनं खाल्लं नाही. मी त्यांनाही बोलले. नवरा बायकोची बाजू घेणारच. संक्रांतीत घरोघरी हेच होतं, चौदापैकी पाच घरांत आकडा वर गेला आहे. लाडवांचा डबा मी घरी घेऊन आले.

२१ जानेवारी, मंगळवार

तीनशे अठरा. मला काही समजेना.

डबा तर माझ्याकडे आहे. मावशीचा तांब्या हातातून सुटत नाही. बसल्या जागी डोळे मिटते. आज मी आले तेव्हा तिनं काहीच पुकारलं नाही, आणि आबाजी दारातच उभे राहून “कोन हाय?” म्हणाले, दोनदा. मी अगदी समोर होते.

मशीन बिघडलं का म्हणून माझं बोट टोचून बघितलं. अठ्ठ्याण्णव. मशीन ठीक आहे. इन्सुलिन कसं भरतात तेही बघितलं. बरोबर वीस.

सिस्टरना फोन केला. उद्याच्या उद्या दवाखान्यात आणा म्हणाल्या. दीपकला मलाच कळवावं लागलं. आकडा विचारला, सांगितला. फोन ठेवला त्यानं.

२२ जानेवारी, बुधवार

पहाटे आबाजींचा फोन. मावशी उठेना. दीपकनं गाडी आणली. बारामतीच्या सरकारी दवाखान्यात साखर चारशे साठच्या वर. सलाईन लावलं आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

आबाजी दवाखान्याच्या फरशीवर बसून आहेत. हलत नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण या डायरीत खोटं लिहायचं नसेल तर लिहावं लागेल.

मावशी शुद्धीवर आहे. योगिनी सिस्टर आल्या. त्यांनी एकच विचारलं, सिरिंज कुठली वापरत होतात? मी पिशवीतून काढून दिली. नारंगी टोपण बघून त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी सांगितलं. सिरिंज दोन प्रकारच्या येतात. नळी दोन्हीची सारखीच. लाल टोपणाच्या नळीवर चाळीस घरं आखलेली असतात, नारंगीवर शंभर. आपल्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या हिशेबाचं असतं. लाल नळीत वीसच्या रेघेपर्यंत जेवढं औषध येतं तेवढंच नारंगी नळीत पन्नासच्या रेघेपर्यंत येतं. नारंगीत वीसपर्यंतच भरलं तर औषध निम्म्याहूनही कमी जातं. बाईला आठ दिवस वीसच्या जागी आठच मिळालं.

म्हणजे काडी बरोबर होती. मी तिला पन्नास वाचलं आणि टाकून द्यायला लावलं.

“यात वीसपर्यंत भरा असं कुणी सांगितलं?” सिस्टरनी विचारलं. दीपक आणि राम तिथंच उभे होते.

मी तोंड उघडायच्या आत आबाजी म्हणाले, “माजंच चुकलं. जुनी काडी सोडून नवी कापली. म्हातारा झालो.”

सिस्टरनी सिरिंज त्यांच्यापुढे धरली. “इथं बघा आजोबा, ही पन्नासची रेघ.” आबाजींनी मान वाकवली, निरखून बघितल्यासारखं केलं. “व्हय, व्हय,” म्हणाले. सिस्टरचं बोट नळीच्या मध्यावर होतं. आबाजींचे डोळे माझ्या पिशवीवर होते.

दीपक म्हणाला, झालं आता. डिस्चार्ज मिळाला की आई इंदापूरला.

मी काही बोलले नाही. हे लिहिते आहे. मी काही बोलले नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

मावशीजवळ बसले होते. आबाजी चहाला गेले, भिंतीला हात लावत. मी विचारलं, त्यांना दिसत नाही त्याला किती दिवस झाले?

“डावा चार वर्सं. उजव्याला उजेड तेवढा कळतोय. समोरचं मानूस कळत न्हाय.”

“पोरांना?”

“न्हाय. कळलं आसतं तर तवाच कळप फोडला आसता.” मग डोळे मिटून म्हणाली, “म्हनून तर मी बडबडती. तुला वाटलं आसंल, म्हातारीला येड लागलंय.”

तीन वर्षं न चुकता वीस युनिट. अंगठ्यानं सापडलेला काटा. आकडा मोठ्यानं वाच, पेपर वाच. मला वाटत होतं माझा आवाज चांगला आहे.

घरी येऊन दोन तारखेचं पान काढलं. बूट घट्ट होतात, आठ नंबर आणणे. मी स्वतः बारामतीला जाऊन आणले होते. दुकानदाराला म्हणालेसुद्धा, या वयात पाय वाढतात का हो. यांच्या मूत्रपिंडांचं काम बंद पडत आलं होतं आणि पायावर सूज चढत होती. मोठा बूट आणून दिला की झालं, असं मला वाटलं. त्यांनी लिहिलेलं मी वाचलं होतं. पाय बघितले नव्हते.

२५ जानेवारी, शनिवार

सांगितलं. दवाखान्याच्या जिन्याखाली, दोघा भावांना. काडी बरोबर होती, वीसपर्यंत भरायला मी लावलं, आबाजींनी दोनदा सांगितलं तरी मी ऐकलं नाही, आणि डबा उगाच उचलून नेला.

दीपक म्हणाला, “दोन दिवस तुमी गप बसला, मावशी.”

“हो.”

राम म्हणाला, “तुमाला वाचता येतंय म्हनून आमी निवांत व्हतो.” रागानं म्हणाला नाही. तेच जास्त लागलं.

डोळ्यांचंही मीच सांगितलं. मावशीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, सांग बाई, मी आता बडबडून थकले. दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. दीपक म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला, आंधळ्या माणसाच्या हातात सुई कशी द्यायची?

“तीन वर्षं त्याच हातात आहे,” मी म्हणाले. “सहा महिन्यांची वही तुम्ही बघितली. ते आकडे न दिसणाऱ्या माणसाचे आहेत. चुकला तो दिसणाऱ्या माणसाचा हात. एकदा त्यांना भरताना बघा, मग काय ते ठरवा.”

सिस्टरनाही सगळं लिहून दिलं. काम राहील की जाईल ते त्या वरती विचारून सांगतील.

२८ जानेवारी, मंगळवार

आबाजींना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मला मोतीबिंदू असेल अशी आशा होती, तो काढता येतो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही. उजव्यातला राहिलेला उजेड टिकवायला रोज रात्री थेंब घालायचे. आबाजी म्हणाले, “उजेड ऱ्हायला तरी बास. दिवस कंचा आन रात कंची ते कळलं म्हंजी झालं.”

माझं काम राहिलं आहे. महिनाभर दर आठवड्याला सिस्टर माझी वही तपासणार, आणि औषधाबद्दल फोन लागेपर्यंत थांबायचं, काहीही झालं तरी. बरोबर आहे.

३० जानेवारी, गुरुवार

आज मावशीच्या खाटेजवळ सिस्टरनी सगळी तयारी केली. रिकाम्या बाटलीत मिठाचं पाणी भरून सात सिरिंज ओळीनं मांडल्या. दीपक, राम, मी. मावशी उशीला टेकून बसली.

“काडी कुठाय?” सिस्टर म्हणाल्या. जुनी काडी टाकायला मीच सांगितलं होतं.

आबाजींनी फेट्याच्या घडीत दोन बोटं घातली आणि ती काढली. जुनी. काळपट, गुळगुळीत झालेली.

“टाक म्हनली व्हती,” ते माझ्या दिशेनं म्हणाले. “पन हात धजावला न्हाय.”

पहिली भरली. सिस्टरनी उजेडात धरली. “वीस.” दुसरी वीस. तिसरी भरताना नळीला नखानं टिचकी मारली, कान जवळ नेला, पुन्हा मारली. बुडबुडा वर गेला. वीस. चौथी वीस. पाचवी वीस.

दीपक म्हणाला, द्या, मी बघतो. त्यानं सहावी घेतली, चष्मा वर सारला, रेघ बघून भरली. सिस्टर म्हणाल्या, अठरा, आणि आत बुडबुडा आहे. राम हसू लागला.

“दाद्या, तुला डोळं हायेत म्हनून वाचलास.”

“गप ए टायरवाल्या.”

“न्हाय, खरं सांगतो. मी बी हवा काट्यावर बघत न्हाय. टायरला हात मारला की कळतंय. गिऱ्हाइकासाठी काटा लावतो नुसता.”

सातवी आबाजींनी हातात घेतली, टोपण काढलं, दट्ट्या एकदा ओढून थांबले. पुन्हा ओढला. मग सिरिंज खाली ठेवली.

“ही न्हाय भरनार. हिचा दट्ट्या सैल चालतोय. त्या दिवशीच्या पाकिटातली हाय का?”

सिस्टरनी टोपण वर करून सगळ्यांना दाखवलं. नारंगी. त्यांनी मुद्दाम ओळीत ठेवली होती. त्या दिवशी दट्ट्या दोनदा मागं-पुढं केला तेव्हाच हा सैलपणा आबाजींना कळला असणार. आणि नळी तेवढीच आहे, औषध तेवढंच लागेल, हेही ते नळीवरून बोट फिरवत सांगत होते, आणि मी म्हणत होते, मी वाचलंय.

सिस्टरनी ती सिरिंज बाजूला ठेवली. मावशीनं दीपकला विचारलं, “मग? इंदापूरची यष्टी किती वाजता हाय माजी?”

दीपक सिस्टरकडे वळला. “लाल टोपनाच्याच आनायच्या ना? महिन्याच्या महिन्याला मीच आनून देतो. आन मावशी रोज येनार आसतील तर.”

“रोज,” मी म्हणाले.

“आन शंका आली तर फोन.”

“फोन लागेपर्यंत थांबेन.”

४ फेब्रुवारी, मंगळवार

एकशे चौतीस.

दोघं घरी आहेत. थेंब घालायचं काम मावशीकडे आलं आहे. काल पहिला थेंब कानात गेला म्हणे. “आता काचबिंदू कानाला व्हनार न्हाय,” आबाजी म्हणाले.

मावशी अजून अशक्त आहे. आज मी माळावरून येताना मनात आणलं, तिला पुकारायला लावायचं नाही, आपणच आवाज द्यायचा. पण अंगणात शिरले तर ती डोळे मिटून उन्हात पडली होती, म्हणून मी गप्पच राहिले. पाय न वाजवता ओसरीपर्यंत गेले. आबाजी दावणीशी शेळीला पाला घालत होते, पाठमोरे.

“ये, विजयमाला,” ते म्हणाले.

“कसं ओळखलंत?”

“डावी चप्पल घासून टाकतीस तू. संक्रांतीपासनं जास्त. गुडघा दावलास का कुनाला?”

मी म्हटलं, नाही, थोडंच दुखतं.

“थोडंच दुखतंय तवर दाव. सगळ्या गावाचं पाय बघत फिरतीस.”

माझ्या चालण्याकडे चार वर्षांत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मी मशीन काढायच्या निमित्तानं पिशवीत बराच वेळ शोधत राहिले. मग आकडा मोठ्यानं वाचला, आणि त्यांनी सांगायच्या आत पेपर उघडला.

निघताना त्यांनी ती आखूड काडी दिली, मी कापायला लावलेली. चुकीची आहे, चुलीत टाका म्हटलं. म्हणाले, “राहू दे तुज्याकडं. वाचताना पानात घालायला व्हईल.”

आता ती दोन तारखेच्या पानात आहे. उद्या शेजारच्या मनिषाबरोबर बारामतीला जाते आहे, गुडघा दाखवायला.